खर्डा ते तिसरी घंटा: ठाणे-नवी मुंबईत नव्या नाटकांचा महोत्सव उभा करताना

स्थानिक नाटककारांच्या नव्या नाटकांचा महोत्सव करायचा म्हटलं की पहिली बैठक बहुधा नाट्यगृहावरच होते. गडकरी रंगायतन मिळेल का, घाणेकर नाट्यगृहाचं मोठं थिएटर घ्यायचं की मिनी, वाशीच्या भावे नाट्यगृहाच्या तारखा कधी निघतात, उद्घाटनाला कोणाला बोलवायचं. संहितेचा विषय निघतो तोवर चहा संपलेला असतो. आमचं म्हणणं असं की हा क्रमच उलटा करायला हवा. नव्या संहितेचं खरं काम होतं ते पहिलं वाचन आणि पहिला प्रयोग यांच्या मधल्या चार महिन्यांत. महोत्सवाची माणसं, पैसा आणि दिवस त्या चार महिन्यांवर खर्च झाले तर शेवटचे तीन प्रयोग साध्या काळ्या पडद्यापुढेही उभे राहतात. तो काळ कापला तर महागडं नेपथ्य लावूनही दुसरा अंक कोसळतो.

हा विचार नवा नाही. लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरने १९५७पासून रविवारी रात्री नेपथ्याशिवाय नव्या नाटकांचे प्रयोग सुरू केले. तालीम पूर्ण, सेट जवळपास शून्य. आपल्याकडे दादरच्या छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये १९७४पासून ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेने जे केलं, त्याचं बळही तेच होतं: लहान जागा, थोडे प्रेक्षक, आणि नाटक चुकलं तरी लेखक बुडणार नाही इतपत खर्च. ठाण्यात रत्नाकर मतकरींच्या कल्पनेतून आणि समता विचार प्रसारक संस्थेच्या कामातून उभा राहिलेला ‘वंचितांचा रंगमंच’ तर याहून पुढे जातो. वस्तीतली मुलं स्वतःच्या जगण्यातून नाटक रचतात आणि करतात. म्हणजे लिहिणारे इथे आहेत. त्यांच्या खर्ड्यांना वेळ आणि नट मिळवून देणारी व्यवस्था मात्र उभी करावी लागते.

आधी कॅलेंडर

आपल्या भागात तारखा ठरवताना सगळ्यात मोठी अडचण नटांची असते. नोव्हेंबर-डिसेंबरात हौशी राज्य नाट्य स्पर्धेचं ठाणे केंद्र रंगतं आणि चांगले हौशी नट तिकडे अडकतात. जानेवारीत एकांकिका स्पर्धा असतात, २५ जानेवारीची रात्र तर ‘सवाई’ एकांकिका स्पर्धेची. फेब्रुवारीच्या मध्यापासून बारावी आणि मग दहावीची परीक्षा, म्हणजे पालक घराबाहेर पडत नाहीत. उरतो तो फेब्रुवारीचा पहिला आठवडा. तिथून मागे मोजत यायचं.

आवाहन १ जूनला, शेवटची तारीख १५ ऑगस्ट. वाचन समितीला २० सप्टेंबरपर्यंत वेळ, मध्ये गणपती येऊ शकतात हे धरून. सप्टेंबरअखेर निवड जाहीर. ऑक्टोबरात गोलाकार वाचनं. दिवाळी आणि सगळा नोव्हेंबर लेखकाला पुनर्लेखनासाठी. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात प्रेक्षकांसमोर अभिवाचनं. २५ डिसेंबरला संहिता गोठवायची. मग चाळीस दिवस तालीम आणि प्रयोग. ५ नोव्हेंबरला, मराठी रंगभूमी दिनी, काहीतरी मोठा कार्यक्रम करण्याचा मोह होतो. विष्णुदास भाव्यांच्या १८४३च्या सांगलीतल्या प्रयोगाची आठवण म्हणून हा दिवस पाळला जातो आणि वाशीच्या नाट्यगृहाला त्यांचंच नाव आहे, त्यामुळे मोह साहजिक आहे. तरी त्या दिवशी निवडक प्रवेश वाचण्यापलीकडे जाऊ नये. लेखक तेव्हा दुसऱ्या खर्ड्याच्या ऐन मध्यावर असतो.

आवाहनात काय लिहायचं

‘स्थानिक’ म्हणजे कोण, हे पहिल्याच परिच्छेदात स्पष्ट लिहा, नाहीतर वाद निवडीनंतर होतात. ठाणे, कळवा-मुंब्रा, दिवा, ऐरोली ते बेलापूर, पनवेल, उरण या पट्ट्यात राहणारे, काम करणारे किंवा वाढलेले, अशी व्याख्या पुरते. लेखक वाशीच्या बाजारात नोकरी करतो आणि राहतो बदलापूरला, तरी तो या भागाचाच.

लांबी मिनिटांत मागा, पानांत नको. एकाच नाटकाची टंकानुसार साठ पानंही होतात आणि नव्वदही. रंगमंचावर विराम, हालचाल धरून मिनिटाला साधारण शंभर शब्द पडतात. दीड तासाच्या नाटकाला नऊ ते दहा हजार शब्द पुरतात. अठरा हजार शब्दांचं ‘दीड तासाचं’ नाटक येतं तेव्हा लेखकाने ते मोठ्याने वाचलेलं नसतं, एवढं नक्की समजावं. म्हणून आवाहनातच अट घाला: संहिता एकदा घड्याळ लावून मोठ्याने वाचा आणि तो वेळ पहिल्या पानावर लिहा. ही एक ओळ कच्चे खर्डे बऱ्यापैकी कमी करते.

पात्रं कमाल सहा. ही मर्यादा पैशांपेक्षा तालमीसाठी आहे. आपले नट डोंबिवली, कल्याण, पनवेलहून नोकरी संपवून येतात. तालीम रात्री आठ ते साडेदहा, त्यातही पहिली पंधरा मिनिटं लोकलच्या उशिरात जातात. सहा जण एकत्र मिळणं शक्य असतं. अकरा जण मिळत नाहीत, आणि मग पाच जणांच्या गैरहजेरीत प्रॉक्सी उभे करून ब्लॉकिंग (कोण कुठे उभं राहणार, कसं हलणार याची आखणी) होतं, जे शेवटच्या आठवड्यात सगळं मोडतं.

युनिकोडमधली वर्ड फाइल आणि तिचीच पीडीएफ, दोन्ही मागवा. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली संहिता दुसऱ्या संगणकावर उघडली की अक्षरांचा चिखल होतो आणि पहिला आठवडा फोनाफोनीत जातो. लेखकाचं नाव वेगळ्या पानावर हवं, संहितेवर फक्त क्रमांक. आणि हे विसरलं जातं: वर्ड फाइलच्या गुणधर्मांत लेखकाचं नाव आपोआप बसलेलं असतं. ते पुसल्याशिवाय फाइल वाचकांकडे पाठवू नका. ठाण्याच्या नाट्यवर्तुळात सगळे सगळ्यांना ओळखतात, त्यामुळे नाव झाकणं ही इथे साधी औपचारिकता नाही.

रूपांतर आणि भाषांतर घेऊ नये, असं आमचं ठाम मत आहे. मूळ लेखकाची परवानगी आहे की नाही हे तपासण्यात समितीची ताकद जाते, आणि महोत्सवाचा हेतूही बाजूला पडतो.

वाचन समितीचं गणित

चाळीस संहिता आल्या असं धरू. एक संहिता नीट वाचायला दीड तास, म्हणजे साठ तास. प्रत्येक संहिता दोघांनी वाचायची, म्हणजे एकशे वीस. पाच वाचक असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला चोवीस तास, पाच आठवड्यांत आठवड्याला सुमारे पाच. हे नोकरदार माणसाला जमतं. तीन वाचक घेतले की चाळीस तास होतात आणि शेवटच्या दहा संहिता पहिली पंधरा पानं पाहून बाजूला पडतात. दुर्दैवाने उशिरा आलेल्या संहिता याच ढिगात असतात.

पाचांत एक दिग्दर्शक, एक नट, एक लेखक, एक प्रकाश-नेपथ्याकडचा माणूस आणि एक निव्वळ चांगला प्रेक्षक असावा. तंत्रज्ञ हवाच. ‘इथे घर वाहून जातं’ अशी रंगसूचना वाचून तो घाबरत नाही, उलट ते कसं करता येईल ते सांगतो. नुसते लेखक वाचायला बसले तर भाषा चांगली असलेल्या पण हलत नसलेल्या संहिता वर येतात.

शंभरपैकी गुण देऊ नका. बासष्ट आणि पासष्टमधला फरक कोणालाच सांगता येत नाही. त्याऐवजी तीन प्रश्नांची उत्तरं प्रत्येकी दोन-तीन वाक्यांत लिहून घ्या. यात कोणाला काय हवं आहे आणि ते मिळू कोण देत नाही? कोणता प्रसंग फक्त रंगमंचावरच शक्य आहे? चार महिने काम केलं तर हे कुठे पोहोचेल? निवडीत तिसऱ्या प्रश्नाला सर्वांत जास्त वजन द्यावं. घोटून तयार झालेली संहिता स्वतःचा निर्माता शोधू शकते. ज्या संहितेत पहिल्या अंकाचा शेवट विलक्षण आहे पण दुसरा अंक भरकटलाय, तिलाच या महोत्सवाची गरज आहे.

न निवडलेल्या प्रत्येकाला पाच-सहा ओळींचं उत्तर जायलाच हवं. वाचकांच्या नोंदी आधीच लिहिलेल्या असतात, त्यातूनच ते तयार होतं. उत्तर न मिळालेला लेखक पुढच्या वर्षी पाठवत नाही.

चाळीसांतून सहा संहिता विकासासाठी घ्या आणि सहांतून तीन प्रयोगासाठी. सहांपैकी तीनच उभ्या राहणार, हे लेखकांना पहिल्या दिवशी सांगा.

गोलाकार वाचन आणि त्यानंतरचे दोन तास

सगळ्या प्रक्रियेचा प्राण इथे आहे. सहा-सात खुर्च्या गोलात, नटांना संहिता दोन दिवस आधी दिलेली. अभिनय नको, अर्थासाठी वाचन. लेखक स्वतः कोणतंही पात्र वाचत नाही. तो वाचायला लागला की आपल्या आवाजाने सगळे खड्डे बुजवतो आणि ते कोणालाच दिसत नाहीत. त्याने नुसतं ऐकायचं, हातात पेन्सिल आणि तीन खुणा. नट अडखळला तिथे आडवी रेघ, खोलीत चुळबुळ झाली तिथे वर्तुळ, स्वतःलाच लाज वाटली तिथे फुली. कारणं त्या क्षणी लिहायची नाहीत.

रंगसूचना वाचायला वेगळा माणूस ठेवा. रंगसूचना वाचायला लागणारा वेळ वेगळा मोजा. तो एकूण वेळेच्या पाचव्या भागाहून जास्त झाला तर समजा की लेखक नाटकाऐवजी पटकथा लिहितोय.

वाचनानंतरची चर्चा मोकळी सोडली तर पहिल्या दहा मिनिटांत कोणीतरी ‘मी असतो तर शेवट असा केला असता’ म्हणतो आणि लेखक स्वतःचा बचाव करायला लागतो. तिथून पुढे काहीच कामाचं बोलणं होत नाही. अमेरिकन नृत्यदिग्दर्शिका लिझ लर्मन यांनी १९९०मध्ये मांडलेला चार पायऱ्यांचा क्रम इथे उत्तम चालतो. आधी ऐकणाऱ्यांनी फक्त मनात काय राहिलं ते सांगायचं. मग लेखक आपले प्रश्न विचारतो. मग ऐकणारे प्रश्न विचारतात, पण त्यात मत दडलेलं नको. ‘बाई शेवटी एवढी गप्प का?’ यात तक्रार आहे. ‘शेवटच्या प्रवेशात बाईला काय काय माहीत असतं?’ हा खरा प्रश्न. शेवटी मतं, तीही लेखक ‘हो, सांगा’ म्हणाला तरच. सूत्रधार कडक हवा, घड्याळ समोर हवं, एकूण वेळ नव्वद मिनिटं. उरलेली तीस मिनिटं लेखक, दिग्दर्शक आणि ड्रामाटर्ग एवढेच बसतात आणि पुढच्या खर्ड्यासाठी तीनच कामं ठरवतात. तीन. सतरा सूचनांची यादी घेऊन घरी गेलेला लेखक सतराही करायला जातो आणि नाटक कोणाचंच राहत नाही.

ड्रामाटर्ग हा शब्द आपल्याकडे अजून फारसा रुळलेला नाही, पण काम ओळखीचं आहे. लेखकाच्या बाजूने संहितेची राखण करणारा, प्रत्येक खर्डा वाचणारा, काय हललं आणि काय हरवलं याची नोंद ठेवणारा माणूस. दिग्दर्शकाने हे काम करू नये. त्याच्या डोक्यात प्रयोग असतो.

खर्ड्यांची शिस्त लावा. प्रत्येक खर्ड्याच्या प्रत्येक पानावर क्रमांक आणि तारीख: ‘खर्डा ३, १८ नोव्हेंबर’. बदललेली पानं वेगळ्या रंगाच्या कागदावर. पान १४ वाढलं तर १४अ, १४ब करा, पुढचे क्रमांक ढकलू नका. नाहीतर तालमीत ‘पान बावीस’ म्हटल्यावर चार नट चार वेगवेगळी पानं उघडतात. व्हॉट्सअॅपवर आलेली ‘फायनल’, ‘फायनल नवीन’ आणि ‘फायनल शेवटची’ अशी तीन नावं म्हणजे एका तालमीची नासाडी.

एकांकिकेची सवय

आपल्या भागातले बहुतेक तरुण लेखक एकांकिका स्पर्धांतून घडतात. त्या शाळेने त्यांना खूप काही दिलंय: वेग, समूहाचा वापर, चाळीस मिनिटांत प्रेक्षकाला पकडून ठेवण्याची ताकद. पण दोन अंकांत येताना तीच हत्यारं उलटतात. दर चार मिनिटांनी काळोख, प्रवेशाच्या टोकाला चढतं संगीत, शेवटच्या पाच मिनिटांत उलगडणारं गुपित. एकांकिका एका गुपितावर उभी राहू शकते. दोन अंकी नाटकात ते गुपित मध्यंतराआधी फुटावं लागतं आणि खरं नाटक त्यानंतर सुरू होतं. त्यामुळे ताणून दोन अंक केलेल्या एकांकिकेचं दुखणं नेहमी एकाच जागी सापडतं, दुसऱ्या अंकाच्या पहिल्या वीस मिनिटांत. पात्रं आधीच सांगितलेलं पुन्हा सांगत बसतात.

यावर दोन व्यायाम उपयोगी पडतात. पहिला: सगळे काळोख काढून टाका आणि प्रवेश एकातून दुसऱ्यात कोणत्या हालचालीने जातो ते लिहा. ज्या दोन प्रवेशांमध्ये अशी हालचाल सापडतच नाही, त्यातला एक बहुधा अनावश्यक असतो. दुसरा: शेवटचं गुपित अंक एकच्या शेवटाला आणून ठेवा आणि तिथून पुढची दहा पानं नव्याने लिहा. लेखक पहिल्यांदा हबकतो. पण ती दहा पानं लिहून झाली की त्यालाच कळतं की आपल्याकडे दुसरा अंक आहे की नाही. नसेल तर सत्तर मिनिटांचं, मध्यंतर नसलेलं नाटक करावं. त्यात काहीही कमी नाही. घाणेकरच्या मिनी थिएटरसारख्या जागेत ते जास्त शोभतं.

बोली आणि जागा

या भागाची गोष्ट या भागाच्या आवाजात यायला हवी, आणि इथेच नको ती सफाई होते. आगरी-कोळी बोलीत ‘ण’चा ‘न’ आणि ‘ळ’चा ‘ल’ होतो: पानी, डोला. लेखक कानाने बरोबर लिहितो, मग टंकलेखक किंवा संगणक ते ‘दुरुस्त’ करतो. प्रत तपासताना बोलीचा एक जाणकार बसवा आणि लेखकाकडून पहिल्याच खर्ड्याला दोन पानांची शब्दसूची घ्या. दुसरी चूक नटांची. बोली न येणारा नट तिला हसवण्यासाठी वापरायला लागतो आणि दुःखाच्या प्रवेशातही प्रेक्षक हसतात. त्यासाठी पहिल्या आठवड्यात दोन पूर्ण तालमी नुसत्या उच्चारावर घालवाव्या. बोलणाऱ्या माणसाकडून संवाद ध्वनिमुद्रित करून नटांना द्यावेत, पण सपाट आवाजात. भाव त्यांचे त्यांनी शोधावेत.

विषयांची इथे वाण नाही. १९७०मध्ये नवी मुंबई वसवायला सिडको आली, जमिनी गेल्या, जानेवारी १९८४मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात गोळीबार होऊन पाच जण गेले, आणि त्यातून गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत मिळण्याचा प्रश्न पुढे आला. आजही ऐरोली-घणसोलीच्या गावठाणांतली भावंडं त्या कागदांवरून बोलत नाहीत. वागळे इस्टेटचे बंद झालेले कारखाने, तुर्भ्याच्या बाजारातले माथाडी, घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये एकट्या राहणाऱ्या आया. अशा नाटकांतला नेहमीचा दोष म्हणजे माहिती. लेखक कष्टाने गोळा केलेलं सगळं पहिल्या प्रवेशात ओततो. उपाय साधा आहे: पात्राला ती माहिती कोणाविरुद्ध वापरायची आहे ते शोधा. सातबारा वाचून दाखवणारा काका कंटाळवाणा. तोच सातबारा बहिणीची सही घ्यायला आणलेला असेल तर त्यातली प्रत्येक ओळ ऐकली जाते.

अभिवाचन

सहाही संहितांचं अभिवाचन प्रेक्षकांसमोर व्हायला हवं. तीन तासांच्या तीन तालमी, चौथ्यांदा सादरीकरण. याहून जास्त तालमी घेतल्या की नट अर्धवट पाठांतर करून हालचाल करू बघतात आणि ना वाचन होतं ना प्रयोग. शंभर खुर्च्यांच्या खोलीत माइक नको. सहा स्टँड, उंची प्रत्येक नटाच्या छातीखाली, म्हणजे चेहरा झाकत नाही. प्रत एका बाजूला छापलेली, रिंगमध्ये. स्टेपल केलेली पानं उलटताना आवाज करतात आणि नेमकी शांततेच्या जागी. वाचायच्या रंगसूचना निम्म्यावर आणा. ‘ती रडते’ हे वाचायचं नाही, नटाने ते करायचं.

लेखकाने शेवटच्या रांगेत बसावं. प्रेक्षकांच्या पाठी खूप काही सांगतात. कोण कधी मागे टेकलं, मोबाइलचा उजेड कोणत्या पानाला दिसला, खोकला कुठे सुरू झाला. ड्रामाटर्गने मिनिटवार नोंद ठेवावी. दुसऱ्या दिवशी ती संहितेशी लावून पाहिली की कुठे कापायचं ते आपोआप दिसतं.

करार, हक्क आणि परिनिरीक्षण

लेखकाशी करार अभिवाचनाआधीच करावा, एका पानाचा चालतो, पण लेखी. हक्क लेखकाकडेच राहतील आणि महोत्सवाला ठरावीक प्रयोगांची, ठरावीक काळापुरती परवानगी असेल, एवढं त्यात स्पष्ट हवं. १९५७च्या स्वामित्वहक्क कायद्यात हस्तांतरण लेखीच लागतं. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारत. म्हणजे घाईत ‘सर्व हक्क संस्थेकडे’ अशी ओळ लिहून सही करणारा लेखक पाच वर्षं अडकू शकतो. ज्या महोत्सवाला नाटककार घडवायचे आहेत त्याने असा कागद पुढे करूच नये. नाटकाची नोंदणी स्वामित्वहक्क कार्यालयात करता येते, शुल्क ५०० रुपये. हक्क मिळण्यासाठी ती सक्तीची नाही, पण वाद झाला तर पुरावा म्हणून उपयोगी पडते. तोवर प्रत्येक खर्डा स्वतःलाच ईमेल करून ठेवावा.

संवाद बदलण्याचा अधिकार कोणाचा, हेही लिहून ठेवा. आमच्या मते लेखकाच्या होकाराशिवाय एक शब्दही बदलू नये. दिग्दर्शकाने कारणासह सुचवावं आणि लेखकाने चोवीस तासांत उत्तर द्यावं. तालमीत नटाने ‘माझ्या तोंडात बसत नाही’ म्हटलं तर आधी तीन दिवस तेच वाक्य म्हणून बघावं. बऱ्याचदा नट बसतो त्या वाक्यात.

आता संहिता २५ डिसेंबरला का गोठवायची ते. महाराष्ट्रात नाटकाच्या जाहीर प्रयोगाआधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं आणि ते पाठवलेल्या संहितेला मिळतं. सतत बदलणारी संहिता आणि प्रमाणित संहिता यांचा इथे थेट संघर्ष होतो. अभिवाचनानंतरचा खर्डा मंडळाकडे पाठवा, त्यानंतर कापाकापी करा, पण नवा प्रवेश घालायचा मोह टाळा. घातलाच तर तो पुन्हा पाठवावा लागेल हे धरून दिवस ठेवा. आणि संहितेत ‘मागे जुनं सिनेमाचं गाणं वाजतं’ असं असेल तर तेही याच टप्प्यावर सोडवा. गाण्याची परवानगी वेगळी, तिचे पैसे वेगळे. नवं संगीत करून घेणं बहुतेक वेळा सोपं जातं.

मंच, दिवे आणि लोकल

तीन नाटकांना एकच मूळ मांडणी द्या: काळं मास्किंग (कडेचं झाकणारे पडदे), चार लेव्हल (चौथरे), अठरा इंची आठ ठोकळे, दोन दारांच्या चौकटी, एक टेबल, सहा खुर्च्या. प्रत्येक नाटकाला याखेरीज जास्तीत जास्त तीन वस्तू आणायची मुभा. ही मर्यादा दिग्दर्शकांना सुरुवातीला जाचते. पण सत्र चार तासांचं धरलं, त्यात पावणेदोन तासांचा प्रयोग, पंधरा मिनिटांचं मध्यंतर आणि अर्धा तास प्रेक्षक आत-बाहेर, तर लावायला आणि काढायला मिळून दीडच तास उरतो. त्यात दिव्यांची जुळणी करायची असते. म्हणून प्रकाशाचीही सामाईक मांडणी आधीच ठरवा आणि प्रत्येक नाटकाला स्वतःचे फक्त चार दिवे द्या. तांत्रिक तालीम संवाद सोडून, फक्त प्रकाश आणि ध्वनीच्या खुणांवर घ्या, तरच ती वेळेत संपते. रंगीत तालीम वेगळ्या दिवशी.

शाळेच्या हॉलमध्ये किंवा संस्थेच्या सभागृहात करत असाल तर वीज आधी तपासा. रंगमंचावरचा जुना ‘पार’ प्रकारचा दिवा हजार वॅटचा. असे बारा म्हणजे बारा किलोवॅट, सुमारे ५२ अँपिअर. भिंतीवरचा १६ अँपिअरचा पॉइंट साडेतीन किलोवॅटच्या वर झेपत नाही. पहिल्या अंकाच्या चढत्या क्षणी सगळे दिवे एकदम वर जातात आणि नेमका तेव्हाच एमसीबी पडतो. दीडशे-पावणेदोनशे वॅटचे एलईडी पार सोळा लावले तरी भार तीन किलोवॅटच्या आत राहतो. ध्वनीसाठी वेगळा पॉइंट घ्या, नाहीतर डिमरची घरघर स्पीकरमधून ऐकू येते. उघड्यावर प्रयोग असेल तर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक वापरता येत नाही. बंद सभागृहात आतल्यापुरता चालतो.

आठवड्याच्या दिवशी साडेसहाचा प्रयोग ठाण्यात रिकामा जातो. मुंबईहून परतणारा माणूस स्टेशनवर उतरतो तोच साडेसात-आठला. सव्वाआठची तिसरी घंटा बरी, आणि साडेदहाला पडदा. वाशीला मात्र शनिवार-रविवारची सकाळ चालते. शनिवार-रविवारच्या तारखा व्यावसायिक नाटकं आधीच घेतात, म्हणून तारखांचा अर्ज लवकर करा आणि सकाळचं सत्र मागा. ठाणे-वाशी ट्रान्सहार्बर लोकलमुळे दोन्हीकडचे प्रेक्षक एकमेकांकडे जाऊ शकतात, फक्त प्रयोगाची वेळ लोकलच्या वेळापत्रकाशी जुळवून फलकावर परतीच्या गाड्या लिहून ठेवा.

तिकीट ठेवाच, शंभर-दोनशेचं का असेना. फुकट पासवर येणारा माणूस मध्यंतरात उठतो, आणि त्या रिकाम्या खुर्च्या पाहून लेखक नाटकाबद्दल चुकीचा निष्कर्ष काढतो. माणशी ५०० रुपयांपर्यंतच्या नाट्यप्रयोगाच्या तिकिटाला जीएसटी लागत नाही. जमाखर्चात लेखकाचं मानधन पहिल्या ओळीत लिहा, नाट्यगृहाच्या भाड्याच्याही वर. शेवटच्या ओळीत लिहिलेलं मानधन नेहमी ‘बघू’वर जातं.

पहिल्या प्रयोगानंतर

पारितोषिकं नकोत. परीक्षक बसले की दिग्दर्शक त्यांच्यासाठी नाटक बसवतो आणि लेखक धोका पत्करत नाही. त्या रकमेतून प्रत्येक नाटकाचा दुसरा प्रयोग करा, तीन आठवड्यांनी, दुसऱ्या शहरात: ठाण्यात झालेला वाशीला, वाशीचा पनवेलच्या फडके नाट्यगृहात. मधल्या काळात लेखकाला पहिल्या प्रयोगाचं ध्वनिमुद्रण द्या, चित्रीकरण नको. चित्रीकरणात तो नटांकडे पाहत राहतो. नुसतं ऐकताना वाक्यं कुठे सैल आहेत ते कळतं. कापून आठ-दहा मिनिटं कमी होतातच.

दुसऱ्या प्रयोगानंतरची संहिता अंतिम समजून टाइप करा, दोन वेळा तपासा आणि सहा प्रती बांधा. एक लेखकाला, एक दिग्दर्शकाला, एक महोत्सवाच्या कपाटात. एक ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाला देऊ करा. १८९३पासून ही संस्था मराठी पुस्तकं जपतेय आणि या शहरात लिहिलेलं नाटक तिथे असायला हवं. उरलेल्या दोन वाचायला मागणाऱ्या दिग्दर्शकांसाठी. पहिल्या पानावर पात्रसंख्या, प्रत्यक्ष प्रयोगाची वेळ, दोन्ही प्रयोगांची तारीख आणि जागा, पूर्ण संच, आणि परवानगी कोणाकडे मागायची ते. बोलीची शब्दसूची शेवटच्या पानावर.